पकड, दम आणि दोष : कबड्डीतील बचावाचे तंत्र व नियमांची भाषा

ठाणे शहराच्या उत्तरेस खाडीकाठी वसलेले कोलशेत हे मूळचे आगरी-कोळी वस्तीचे गाव आज उंच इमारतींनी वेढले गेले आहे. ठाणे जिल्ह्याच्या ज्या खाडीकाठच्या पट्ट्यात हे गाव येते, तेथे कबड्डीची आवड जुनी आहे. या खेळाविषयी लिहिताना बहुधा चढाईपटूच्या धाडसाचेच वर्णन केले जाते. बचाव करणाऱ्या सात खेळाडूंचे तंत्र आणि त्या तंत्राला मर्यादा घालणारे नियम यांचा विचार त्या मानाने थोडा होतो. वस्तुतः नियमाचे शब्द शरीराच्या हालचालीला कसे वळण लावतात, हे पाहण्यास याहून सोयीचे उदाहरण मिळणे कठीण.

प्रथम बचावाची रचना पाहू. पुरुषांचे क्रीडांगण 13 मीटर लांब व 10 मीटर रुंद असते. दोन्ही टोकांस कोपरारक्षक, त्यांच्या आतल्या बाजूस साहाय्यक, त्यानंतर दोन मध्यरक्षक व एक मधला खेळाडू अशी सात जणांची साखळी उभी राहते. मध्यरक्षकास खेळाडूंच्या बोलीत ‘कव्हर’ असेच म्हणतात. कोपरारक्षकाचे मुख्य शस्त्र म्हणजे घोट्याची पकड. मैदानात सहा किंवा सात बचावपटू असताना चढाईपटू बोनस रेषेकडे झेपावतो. अशा वेळी त्याचा एक पाय अधांतरी असतो व भार दुसऱ्या पायावर असतो. नेमक्या त्या क्षणी कोपरारक्षक खाली झेपावून घोटा धरतो. मध्यरक्षकाचे काम निराळे आहे. चढाईपटूचा परतीचा मार्ग रोखून खांदा व छाती यांच्या बळाने त्याचे धड अडविणे, हे त्याचे कर्तव्य होय.

पकड फसली तर तिची किंमत जबर असते. चढाईपटूने सर्वांना ओढत नेऊन मध्यरेषेस स्पर्श केला, तर त्याला भिडलेले सर्वच बचावपटू बाद होतात. त्यामुळे साखळीतील प्रत्येकाने आपण केव्हा पुढे सरावे आणि केव्हा जागच्या जागी राहावे, याचा निर्णय क्षणार्धात करावयाचा असतो. त्यातच राखीव पट्ट्याचा नियम आहे. झटापट सुरू होण्यापूर्वी मैदानाच्या बाजूच्या या पट्ट्यात पाऊल टाकणारा बचावपटू बाद ठरतो; झटापट सुरू होताच तीच भूमी क्रीडांगणाचा भाग बनते. म्हणजे पाऊल तेच आणि जागाही तीच. ते योग्य की अयोग्य, हे केवळ काळाच्या क्रमावर ठरते.

आता दोषांच्या नियमांकडे वळू. चढाईपटूस हात, पाय अथवा धड यांखेरीज अन्यत्र, उदाहरणार्थ केसांना वा मानेला, हेतुपुरस्सर धरता येत नाही. तसे धरल्यास चढाईपटू बाद होत नाही आणि धरणारा मात्र बाद होतो. पायांची कैची घालणे व इजा होईल अशी हिंसक पकड करणे हेही निषिद्ध आहे. याहून महत्त्वाचा निर्बंध असा की, चढाईपटूचे तोंड दाबून किंवा गळा आवळून त्याचा दम तोडण्याचा प्रयत्न करता येत नाही.

भाषेच्या अभ्यासकाने या शेवटच्या निर्बंधाचा विशेष विचार करावा. चढाईपटूने ‘कबड्डी’ हा शब्द एका श्वासात, अखंड आणि स्पष्ट ऐकू येईल असा उच्चारीत राहावयाचे असते. या शब्दातील क, ब आणि ड्ड ही तिन्ही व्यंजने स्पर्शवर्ण आहेत. प्रत्येक वेळी हवेचा मार्ग क्षणभर बंद होतो व पुन्हा मोकळा होतो. महाराष्ट्रातील जुना ‘हुतुतू’, तमिळ ‘चेडुगुडु’ आणि बंगाली ‘हाडुडु’ या नावांतही अशीच पुनरावृत्त होणारी, छोट्या अक्षरांची रचना दिसते. बचावपटूने धडाला मिठी मारली की छाती दाबली जाते, श्वास लवकर संपतो आणि उच्चार तुटतो; हे नियमाला मान्य आहे. तोच उच्चार मुखावर हात ठेवून बंद पाडणे मात्र मान्य नाही. श्वास संपविण्याची मुभा आहे, उच्चाराचे साधन हिरावण्याची नाही. हा भेद सूक्ष्म असला तरी खेळाचा न्याय त्यावरच उभा आहे.

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. त्या खेळात चेंडू हाताने दूर फेकतात आणि तो झेलणाऱ्यावर मागील फळीतील बचावपटू पहारा ठेवतात. ‘कॉर्नर’ व ‘कव्हर’ हे शब्द तेथेही प्रचारात आहेत. चेंडू झेलण्याचा प्रयत्न करण्याचा हक्क दोघांनाही समान असल्यामुळे त्या प्रयत्नात झालेली टक्कर दोष मानली जात नाही. परंतु चेंडू पोचण्यापूर्वीच झेलणाऱ्यास धरले वा ढकलले आणि त्याला अडविण्याचा हेतू उघड दिसला, तर तो दोष ठरतो. अशा वेळी आक्रमक संघास जास्तीत जास्त 15 यार्डांचा लाभ व चार नव्या संधी मिळतात. व्यावसायिक सामन्यांत तर चेंडू थेट दोषाच्या जागी नेला जातो, मग ते अंतर कितीही असो. दोन्ही खेळांत प्रतिस्पर्ध्याची जागा आणि वेळ व्यापण्यास अनुमती आहे. ज्या साधनाने तो आपला हक्क बजावतो, ते साधन निकामी करण्यास नाही.

दोन्ही नियमांत हेतूला स्थान आहे आणि अडचणही तेथेच आहे. हेतू डोळ्यांना दिसत नाही, दिसते ती कृती. पंच बोटांची पकड, डोक्याची दिशा आणि हाताचा मार्ग पाहून हेतूचे अनुमान करतो. म्हणून जाणता प्रशिक्षक बचावपटूस केवळ बळ वाढविण्यास सांगत नाही. आपला हात घोट्याकडे वा कमरेकडे निघाला आहे हे दुरूनही कळावे, अशी सवय तो लावतो. उंच झेपावणाऱ्याचा हात घसरून मानेवर जाण्याचा धोका अधिक. खाली वाकून पकड करणाऱ्याचा कमी. येथे नियम पाळणे आणि पकड यशस्वी करणे यांत विरोध राहत नाही.

1950 मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला आणि 1990 मध्ये बीजिंग येथील आशियाई क्रीडास्पर्धांत कबड्डीस पदकाचा दर्जा मिळाला. या वाटचालीत गावोगावचे संकेत लिखित नियमांत बांधले गेले. गावच्या मैदानावर ‘हे बरोबर नाही’ एवढे वडीलधाऱ्यांचे म्हणणे पुरेसे असे. लिखित नियमात त्याच जागी ‘हेतुपुरस्सर’ हे एक क्रियाविशेषण येऊन बसले. त्या एका शब्दाचा अर्थ पंच कसा लावतो, यावर कोणाचा गुण जाईल, एवढेच नव्हे तर कोणाची मान सुरक्षित राहील, हेही ठरते. नियमांची मराठी भाषांतरे करणाऱ्यांनी आणि ती शिकविणाऱ्यांनी हा शब्द वगळू नये, तसेच त्याचा अर्थ मोघमही ठेवू नये, हे उचित होय.