नावापुरती सही? सॉरी, मामा!

ऑफिस सुटल्यावर बॉसचा फोन घ्यायचा नाही, यावर आपलं सगळ्यांचं एकमत! सुप्रिया सुळे यांनी तर २०१८ मध्ये लोकसभेत त्यासाठी 'राइट टू डिस्कनेक्ट'चं खासगी विधेयक मांडलं. फ्रान्समध्ये असा कायदा २०१७ पासून लागू आहे. पण फोन बॉसचा नसून मामाचा असेल तर? तिथे कुठलं विधेयक कामाला येणार?

मी मूळची नांदेड जिल्ह्यातल्या हदगावची, नोकरी पुण्यात. आमच्याकडे पोरगी आयटीत लागली, की ती अख्ख्या गणगोताची होते. कुणाच्या पोराला परीक्षेसाठी महिनाभर फ्लॅटवर ठेवून घे, कुणाला दवाखान्यासाठी उसने दे. हे मी आनंदाने करते. माझ्या कॉलेजच्या फीला हीच माणसं धावून आली होती ना! म्हणूनच 'नाही' म्हणताना जीभ जड होते.

गेल्या दिवाळीत मामा म्हणाले, "हे बघ बाई, ट्रॅक्टरच्या कर्जाला पगारदार जामीन पाहिजे. नावापुरती सही कर."

मंडळी, 'नावापुरती' सही नसतेच! भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम १२८ सांगतं, की करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. हप्ते थकले, तर बँक थेट आपल्या दारात. तुमच्या क्रेडिट रिपोर्टवरही ते कर्ज दिसू शकतं, मग स्वतःच्या होम लोनला अडचण. मामांच्या नियतीवर माझा पूर्ण भरवसा आहे. पण हप्ता सोयाबीनवर, अन् सोयाबीन पावसावर!

मी म्हटलं, "मामा, सही नाही जमणार. पण डाउन पेमेंटला पंचवीस हजार देते, ते परत नका देऊ." मामा रुसले. आईनेही दोन दिवस फोन केला नाही. वाईट वाटलंच. पण वाईट वाटणं म्हणजे वाईट वागणं नव्हे, एवढं मी स्वतःला बजावलं.

तुमच्यावर अशी वेळ आली, तर लगेच हो म्हणू नका, एक रात्र मागून घ्या. खोटी सबब सांगू नका, ती पुढच्या फोनला उघडी पडते. आणि काय जमणार नाही हे सांगताना काय जमेल तेही सांगा. रुसलेलं माणूस आज ना उद्या बोलतं. थकलेल्या हप्त्यावरून तुटलेलं नातं जुळणं मात्र अवघड!