स्केटिंग रिंक ते ध्वनिमुद्रण केंद्र : एका वास्तूचे स्थित्यंतर

जुन्या वास्तूचे मूल्य तिच्या शिल्पसौंदर्यावर ठरवावे की तिच्यात घडलेल्या इतिहासावर, हा वारसा संवर्धनातील मूलभूत प्रश्न आहे. लंडनमधील मेडा व्हेल स्टुडिओची इमारत हे या प्रश्नाचे बोलके उदाहरण होय.

विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये चाकांच्या स्केटिंगची लाट आली. बॉल बेअरिंगमुळे स्केट्सची चाके सुलभपणे फिरू लागली होती आणि शहरी मध्यमवर्गाला करमणुकीचे नवे साधन हवे होते. याच काळात, 1909 मध्ये, डेलावेअर रोडवर 'मेडा व्हेल रोलर स्केटिंग पॅलेस अँड क्लब' उभारण्यात आला. मात्र ही लाट लवकरच ओसरली आणि रिंक बंद पडले.

नवा उपयोग

स्केटिंगसाठी विस्तीर्ण, मोकळी जागा लागते. मोठ्या वाद्यवृंदाची गरजही तीच असते. त्यामुळे 1930 च्या दशकात बीबीसीने ही इमारत घेऊन आतील रचना बदलली. 1930 मध्ये स्थापन झालेला बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा 1934 पासून येथे वादन करू लागला. दुसऱ्या महायुद्धात ही वास्तू बीबीसीच्या वृत्तसेवेचे पर्यायी केंद्र होती. 1958 मध्ये येथे 'रेडिओफोनिक वर्कशॉप' सुरू झाले. रॉन ग्रेनर यांनी रचलेल्या 'डॉक्टर हू' या मालिकेच्या शीर्षक संगीताला डेलिया डर्बिशायर यांनी 1963 मध्ये येथेच इलेक्ट्रॉनिक रूप दिले.

संरक्षण आणि विक्री

2018 मध्ये बीबीसीने पूर्व लंडनमधील स्ट्रॅटफर्ड येथे स्थलांतर करण्याचा निर्णय जाहीर केला. त्यामुळे इमारतीच्या भवितव्याचा प्रश्न निर्माण झाला. ब्रिटनमधील 1990 च्या कायद्यानुसार 'विशेष स्थापत्यविषयक किंवा ऐतिहासिक महत्त्व' असलेल्या वास्तूंची सूची केली जाते. यातील 'किंवा' हा शब्द महत्त्वाचा आहे. प्रसारण व ध्वनिमुद्रणाच्या इतिहासातील स्थान लक्षात घेऊन 2020 मध्ये या इमारतीला द्वितीय श्रेणीचा दर्जा मिळाला. 2023 मध्ये संगीतकार हान्स झिमर यांच्यासह चार भागीदारांनी ती विकत घेतली. वास्तूचा स्टुडिओ म्हणून वापर चालू ठेवण्याचा त्यांचा मानस होता.

भारतीय संदर्भ

भारतात 1958 च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्यान्वये केंद्रीय संरक्षणासाठी वास्तू किमान शंभर वर्षे जुनी असावी लागते. त्यापेक्षा अलीकडच्या चित्रपटगृहे, गिरण्या, आकाशवाणी केंद्रे अशा वास्तूंची भिस्त मुख्यतः राज्य व स्थानिक नियमांवर असते. 1995 च्या मुंबईच्या वारसा नियमावलीने अशा श्रेणीबद्ध सूचीची वाट दाखवली.

सूचीतील नोंदीमुळे वास्तू मनमानीपणे पाडण्यास वा बदलण्यास आळा बसतो; परंतु नोंद वास्तूला उपयोग मिळवून देत नाही. मेडा व्हेलची इमारत टिकली ती प्रत्येक टप्प्यावर तिला नवा उपयोग लाभल्यामुळे. म्हणूनच संवर्धनाच्या धोरणात कायदेशीर संरक्षणाइतकेच अनुरूप पुनर्वापरालाही स्थान असणे आवश्यक आहे.