ट्रकचे एअर सस्पेन्शन : पावसाळ्यापूर्वी काय जपावे?

कलबुर्गीहून आळंदकडे जाणाऱ्या रस्त्यावर कडगंची हे गाव आहे. कर्नाटक केंद्रीय विद्यापीठामुळे ते आज सर्वदूर परिचित झाले असले, तरी हा सारा प्रदेश मूळचा काळ्या जमिनीचा आणि तुरीचा. येथून माल घेऊन अनमोड घाटाने गोव्यात उतरणारा ट्रक एकाच प्रवासात दोन हवामाने अनुभवतो. तिकडे चाळीस अंशांपुढे जाणारा उन्हाळा आणि चिकट काळा चिखल. इकडे त्याच्या सुमारे चौपट पाऊस आणि खारी हवा. पोलादी पाटे हे सारे सोसतात. मात्र ज्या ट्रकांना पाट्यांऐवजी एअर सस्पेन्शन बसवलेले असते, त्यांची काळजी वेगळ्या रीतीने घ्यावी लागते.

एअर सस्पेन्शनमध्ये गाडीचा भार रबरी बेलोंमधील दाबाखालच्या हवेवर तोललेला असतो. कॉम्प्रेसर हवा दाबतो, ड्रायर तिच्यातील ओल शोषून घेतो, टाकी ती साठवते आणि लेव्हलिंग व्हॉल्व्ह भारानुसार ती कमी-अधिक करतो. या साखळीचा पहिला शत्रू पाणीच. दमट हवा दाबली आणि ती पुन्हा थंड झाली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते. ड्रायरचे कार्ट्रिज निकामी झाले असेल, तर ते पाणी टाकी गंजवते आणि व्हॉल्व्ह अडकवते. म्हणून कार्ट्रिज उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत बदलावे आणि पावसाळ्यात टाकीतील पाणी रोज सोडावे. सोडलेल्या पाण्यात तेल दिसल्यास कॉम्प्रेसर तपासून घ्यावा. वेगळा विद्युत कॉम्प्रेसर बसवला असल्यास हवा ओढणारी त्याची नळी चिखल-पाण्यापासून दूर, उंचावर आणावी.

दुसरा शत्रू चिखल. काळी माती वाळली की दगडासारखी कठीण होते. बेलोच्या घडीत अडकलेली ही माती चाकाच्या प्रत्येक हालचालीबरोबर रबर घासते. ती साध्या पाण्याच्या मंद धारेने धुवावी. जोरदार फवारा सांधे व विद्युत जोडण्यांवर मारू नये. बेलो पूर्ण झाकून टाकणे हाही उपाय नव्हे, कारण आवरणात माती साचून राहते. चाकामागे पुरेसा रुंद मडफ्लॅप आणि खालून मोकळी असलेली आडपट्टी अधिक उपयोगी ठरते.

पावसाळ्यापूर्वी गाडीच्या खालच्या भागावर जळके ऑइल किंवा डिझेल मारण्याची पद्धत गॅरेजांत रूढ आहे. लोखंडाला त्याने काही काळ संरक्षण मिळत असेल. परंतु खनिज तेलाने रबर फुगते आणि कमकुवत होते. गंजरोधक लेप देतानाही बेलो व हवेच्या नळ्या आधी झाकून घ्याव्यात. ऊन आणि ओझोन यांमुळे रबरावर बारीक भेगा पडतात. त्यांतून आतले धागे दिसू लागले, की बेलो बदलणे हाच मार्ग उरतो.

हा प्रश्न केवळ आरामाचा नाही. जड ट्रकमध्ये बहुधा एकच कॉम्प्रेसर सस्पेन्शनला आणि ब्रेकलाही हवा पुरवतो. कारखान्यातून आलेल्या रचनेत संरक्षक व्हॉल्व्ह ब्रेकची हवा राखून ठेवतो. नंतर केलेल्या जोडणीत तो वगळला गेला, तर फुटलेला बेलो ब्रेकचीही हवा घालवू शकतो. घाटात याचा अर्थ काय होतो, हे चालकांना सांगावयास नको.

बदल करून घेताना कायद्याचेही भान हवे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करणे श्रेयस्कर.

गळती ओळखण्यास महागडे यंत्र लागत नाही. रात्री सपाट जागी उभी केलेली गाडी सकाळी एका बाजूला बसलेली दिसली, तर सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे जागा दाखवतात. मात्र केवळ हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. भक्कम स्टँडचा आधार देऊनच खाली जावे, आणि कोणताही सांधा उघडण्यापूर्वी हवा सोडून द्यावी.