भाल्याने मासेमारी
भाल्याने मासेमारी : अणकुचीदार शस्त्राने मासा वेधून पकडण्याची पद्धत. काठावरून वा होडीतून भाला मारणे आणि श्वास रोखून पाण्याखाली जाऊन भाल्याने अथवा भाला-बंदुकीने मासा वेधणे, असे तिचे दोन प्रकार आहेत. महाराष्ट्रात पावसाळ्याच्या आरंभी ओढ्यांतून व भातखाचरांतून प्रवाहाविरुद्ध जाणारे ‘चढणीचे मासे’ रात्री बत्तीच्या उजेडात मारण्याचा प्रघात आहे. हे मासे अंडी घालण्यास निघालेले असल्याने त्यांच्याबरोबर पुढील पिढीही नष्ट होते; म्हणून ही पद्धत टाळावी. [→ मत्स्योद्योग].

साधने : पाणचष्म्यात नाकही सामावले पाहिजे. खोलीबरोबर दाब वाढून चष्म्यातील हवा आकुंचन पावते. नाकावाटे हवा सोडून दाब समान न केल्यास डोळ्यांतील केशवाहिन्या फुटतात. पट्टा न लावता चष्मा चेहऱ्यावर टेकवून नाकाने श्वास ओढल्यास तो चिकटून राहिला, तर माप योग्य समजावे. श्वासनळी साधी असावी. शिशाचा कमरपट्टा एका हाताने चटकन सुटणारा हवा. सहज उच्छ्‌वास सोडल्यावरही माणूस पृष्ठभागावर तरंगेल, इतकेच वजन घ्यावे. पायांचे रबरी पंख, दोरी कापण्यासाठी सुरी आणि होड्यांना दिसेल असा निशाण लावलेला तरंडाही आवश्यक असतो.

नवशिक्याने रबरी फासाचा हातभाला घ्यावा. तो स्वस्त व साधा असून माशाच्या जवळ जाण्यास शिकवितो. भाला-बंदूक घ्यावयाची, तर गढूळ पाण्यात आखूड व स्वच्छ पाण्यात लांब निवडावी. ती पाण्यातच ताणावी आणि बाहेर येण्यापूर्वी उतरवावी. खटक्याच्या अडसरावर विसंबून ती कोणाकडेही रोखू नये.

नेम : पाण्याचा प्रणमनांक सु. १·३३ असल्याने काठावरून पाहता मासा असतो त्यापेक्षा वर दिसतो. म्हणून नेम दिसणाऱ्या माशाच्या खाली धरतात. पाण्याखाली चष्म्यातून मासा सु. एकतृतीयांश मोठा व एकचतुर्थांश जवळ भासतो. त्यामुळे नवशिका दुरूनच भाला सोडतो आणि लहान मासा मोठा समजून मारतो.

धोके : बुडीपूर्वी जलद व दीर्घ श्वास घेतल्यास रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड घटतो व श्वास घेण्याची निकड उशिरा जाणवते. वर येताना दाब कमी होऊन ऑक्सिजन अपुरा पडतो व पूर्वसूचनेशिवाय शुद्ध हरपते. निष्णात पोहणारेही असे दगावतात. म्हणून एकट्याने बुडी मारू नये. एक खाली असता दुसऱ्याने वरून लक्ष ठेवावे व दोन बुड्यांमध्ये बुडीच्या किमान दुप्पट वेळ विश्रांती घ्यावी.

स्थळ : या पद्धतीस स्वच्छ पाणी लागते. संस्थानकाळात कोल्हापूरच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधलेल्या कळंबा तलावासारख्या जलाशयांत पावसाळी गाळ व पाणवनस्पती यांमुळे दृष्टी पोहोचत नाही. तेथे परवानगी घेऊन गळ वापरणेच योग्य. सिंधुदुर्ग किनाऱ्यावर हिवाळ्यात पाणी त्यामानाने निवळते. तथापि मालवण येथे १९८७ मध्ये सागरी अभयारण्य घोषित झाले असून तेथील निर्बंध पाळावे लागतात. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित जाती कोठेही मारता येत नाहीत.

जाळ्यात लहानमोठे सर्वच मासे सापडतात. भाल्याने मात्र एकेक मासा निवडता येतो. जात व आकार ओळखल्याशिवाय भाला न सोडल्यासच हा गुण उपयोगी ठरतो.