बारावीनंतरचा प्रवेश : दहावीत काय करावे ?

विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही दहावीत असाल, तर घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याने तुम्हांला एक प्रश्न नक्कीच विचारला असेल : “मग, पुढे काय ठरवलंस ?” “सायन्स घेणार,” असे सांगून बहुतेक जण सुटका करून घेतात. पण विज्ञान शाखा घेणे हा काही मुक्काम नव्हे, तो फक्त रस्ता आहे. तो कोठे जातो, वाटेत कोणते नाके लागतात आणि शिदोरी कोणती बांधावी, याचा विचार दहावीतच केलेला बरा. घाबरून जाण्यासाठी नव्हे, तर पुढे घाबरावे लागू नये म्हणून !

दोन दरवाजे

तुमच्यापुढे दोन दरवाजे आहेत. पहिला अकरावीचा. २०२५-२६ या वर्षापासून महाराष्ट्रात अकरावीचे प्रवेश राज्यभर एकाच केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. तेथे दहावीचे गुण चालतात. अर्जात दहापर्यंत महाविद्यालये पसंतीक्रमाने लिहिता येतात.

दुसरा दरवाजा बारावीनंतरचा. तेथे मात्र दहावीचे गुण सहसा कोणी विचारत नाही. राज्यातील अभियांत्रिकी व औषधनिर्माणशास्त्राच्या प्रवेशासाठी एमएचटी-सीईटी, एनआयटीसारख्या राष्ट्रीय संस्थांसाठी जेईई मेन, त्यापुढे आयआयटीसाठी जेईई ॲडव्हान्स्ड आणि वैद्यकीयसाठी नीट अशा परीक्षा द्याव्या लागतात. बारावीच्या गुणांची किमान अट असते ती वेगळीच. राज्यातील अभियांत्रिकीसाठी खुल्या प्रवर्गाला संबंधित विषयांत ४५ टक्के, तर एनआयटी व आयआयटीसाठी बारावीत ७५ टक्के गुण किंवा आपल्या मंडळातील वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान हवे. म्हणून बोर्डाकडे पाठ फिरवून चालत नाही.

शुद्ध विज्ञानाची ओढ असणाऱ्यांनी आणखी दोन नावे लक्षात ठेवावीत. २००६ साली पुण्यात सुरू झालेली ‘आयसर’ ही संस्था आणि तिच्या इतर सहा भगिनी संस्था यांची प्रवेश परीक्षा वेगळी असते. तीत भौतिकी, रसायन, गणित व जीवशास्त्र यांचे प्रत्येकी १५ असे ६० प्रश्न असतात. दुसरी ‘नेस्ट’. तिच्यातून भुवनेश्वरची ‘नायसर’ आणि मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरातील मूलभूत विज्ञान केंद्र यांत प्रवेश मिळतो. ही दोन्ही २००७ मधली. येथे एम.एस्सी.पर्यंतचा पाच वर्षांचा सलग अभ्यासक्रम असतो.

आणि हो, दहावीनंतर तीन वर्षांची तंत्रनिकेतनाची पदविका घेऊन अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात जाण्याची वाटही आहे. ज्याचा हात यंत्रावर लवकर बसतो, त्याला ती कमी प्रतीची मुळीच नाही.

गुण मागे राहतात, समज बरोबर येते

आता कोणी म्हणेल, “दहावीचे गुण पुढे विचारत नाहीत, तर दहावीत एवढे मरमर कशाला करायचे ?” येथेच खरी गोम आहे. गुणपत्रिका मागे राहते, पण समज पुढे तुमच्याबरोबर येते. आणि समजेची उणीवही येते !

दहावीतले गुरुत्वाकर्षणाचे प्रकरण घ्या. पृथ्वीवरून सुटून जाण्यासाठीचा मुक्तिवेग सेकंदाला ११.२ किलोमीटर, हे सारेच पाठ करतात. पण हा आकडा आला कोठून ? गतिज ऊर्जा आणि स्थितिज ऊर्जा यांची बेरीज शून्य मांडली की तो चार ओळींत मिळतो. त्या चार ओळी ज्याने स्वतः कोऱ्या कागदावर एकदा मांडल्या, त्याला अकरावीत हेच प्रकरण जुन्या मित्रासारखे भेटते. ज्याने नुसता आकडा पाठ केला, त्याला ते अनोळखी वाटते.

एक प्रश्न सोडवून पाहा. पृथ्वीच्या पृष्ठभागापासून किती उंचीवर गुरुत्व त्वरण निम्मे होईल ? अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात ते घटते. म्हणजे पृथ्वीच्या केंद्रापासूनच्या अंतराचा वर्ग दुप्पट व्हायला हवा आणि अंतर २ च्या वर्गमुळाइतके, म्हणजे १.४१४ पट व्हायला हवे. पृथ्वीची त्रिज्या ६,४०० कि.मी. धरली, तर उंची येते सुमारे २,६५० कि.मी. पुष्कळ विद्यार्थी घाईने ३,२०० किंवा ६,४०० असे उत्तर देतात. प्रवेश परीक्षेत चुकीचे पर्याय म्हणून नेमके असेच आकडे दिलेले असतात ! सूत्र दोघांनाही येत असते. फरक पडतो तो सूत्र काय सांगते हे समजण्याने.

म्हणून दहावीत विज्ञान व गणित यांचे प्रत्येक सूत्र तीन प्रश्न विचारून पाहा : हे कोठून आले ? यातील एक राशी दुप्पट केली तर काय होईल ? आणि हे कोठे लागू पडत नाही ? वर्गसमीकरणे, त्रिकोणमिती, समरूप त्रिकोण आणि आलेख ही अकरावीच्या भौतिकीची रोजची हत्यारे आहेत. ती दहावीतच धार लावून ठेवा.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत

“मला ९० पर्सेंटाइल मिळाले,” असे ऐकले की घरचे पेढे आणायला निघतात. थोडा हिशेब करू. समजा, परीक्षेला एक लाख विद्यार्थी बसले. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के विद्यार्थी तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण मिळवणारे. अर्थात सुमारे १०,००० जण तुमच्या पुढे. ९८ असेल तर २,००० पुढे आणि ९९ असेल तर १,०००. म्हणजे ९८ आणि ९९ यांत दिसायला फरक एकाचा, पण रांगेत तो हजार माणसांचा !

ही पद्धत का ? परीक्षा अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. एक सोपी, एक अवघड असणारच. म्हणून तुमची तुलना आधी तुमच्याच सत्रातील विद्यार्थ्यांशी होते. अवघड सत्रातील कमी गुणांचे पर्सेंटाइल सोप्या सत्रातील जास्त गुणांपेक्षा वर जाऊ शकते. तेव्हा पेपर अवघड गेला म्हणून रडत बसू नका. तो सगळ्यांनाच अवघड गेला असेल.

ठोकून दिलेले उत्तर

जेईई मेन व नीटमध्ये बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीला १ गुण वजा होतो. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला तर ? दहावीच्या बीजगणितातली संभाव्यता येथे उपयोगी पडते. बरोबर येण्याची संभाव्यता १/४, चुकण्याची ३/४. सरासरी लाभ : ४ × १/४ − १ × ३/४ = १/४ गुण. म्हणजे फायदाच की !

पण थांबा. असे दहा प्रश्न ठोकले, तर सरासरीने अडीच गुण मिळतील. मात्र सरासरी म्हणजे तुमचा स्वतःचा निकाल नव्हे. दहांपैकी दोन बरोबर आले तर ८ मिळाले, ८ गेले, हाती शून्य. दोनपेक्षा कमी आले तर तोटा. हिशेब केला तर तोट्याची संभाव्यता सुमारे २४ टक्के आणि शून्याची सुमारे २८ टक्के निघते. म्हणजे निम्म्याहून अधिक वेळा हाती काहीच लागत नाही. उलट थोड्या ज्ञानाने दोन पर्याय बाद करता आले, तर सरासरी लाभ प्रश्नामागे दीड गुण होतो, म्हणजे सहापट ! अर्धवट ज्ञानालाही किंमत आहे, अंधारातल्या दगडाला नाही. एमएचटी-सीईटीत मात्र गुण वजा होत नाहीत. तेथे एकही प्रश्न कोरा सोडू नये.

अकरावी हे विश्रांतीचे वर्ष नव्हे

दहावीत दमलो, आता अकरावी आरामाची, असा एक जुना समज आहे. एमएचटी-सीईटीचे सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीवर असतात. जेईई व नीटचा अभ्यासक्रम तर दोन्ही वर्षांचा. शिवाय बारावीच्या प्रत्येक प्रकरणाखाली अकरावीचा पाया असतो. ज्याला सदिश उमगले नाहीत, त्याला चुंबकीय क्षेत्र कसे उमगणार ?

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांपुढे आणखी एक चढ असतो. अकरावी विज्ञानाचे अध्यापन बहुतेक ठिकाणी इंग्रजीत होते. जेईई मेन व नीट मराठीतून देता येतात. सीईटीत भौतिकी, रसायन व जीवशास्त्र मराठीत मिळते, पण गणित इंग्रजीतच असते आणि जेईई ॲडव्हान्स्ड फक्त इंग्रजी व हिंदीत. यावर उपाय सोपा आहे. आजच एक वही करा. डावीकडे त्वरण, संवेग, अपवर्तन. उजवीकडे ॲक्सिलरेशन, मोमेंटम, रिफ्रॅक्शन. रोज पाच शब्द लिहिले, तरी दहावी संपेपर्यंत हजारावर शब्द होतील. मराठीत पक्की झालेली कल्पना इंग्रजीत नेणे सोपे असते. न समजलेली कल्पना कोणत्याही भाषेत न समजलेलीच राहते. पहिल्या चाचणीत कमी गुण पडले म्हणून “मला फिजिक्स जमत नाही” असा निकाल स्वतःवर लावू नका. बहुधा अडलेले असते इंग्रजी, भौतिकी नव्हे.

कागदांची फाइल

अभ्यास उत्तम, पर्सेंटाइल उत्तम आणि एका कागदावाचून प्रवेश हुकला, असे दरवर्षी घडते. शाळेच्या नोंदीतले नाव, जन्मतारीख व आधार कार्ड जुळते का, हे दहावीचा परीक्षा अर्ज भरण्यापूर्वीच पाहा. पुढे तेच नाव सर्वत्र चालते. अधिवास प्रमाणपत्र काढून ठेवा. राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्यांना जातीचे प्रमाणपत्र आणि पुढे जात पडताळणीचे प्रमाणपत्र लागते. पडताळणीला आजोबा-पणजोबांच्या शाळेचे वा महसुली पुरावे शोधावे लागतात, त्यात महिने जातात. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती इत्यादींना नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्रही लागते आणि त्याला मुदत असते. ही कामे मे महिन्याच्या सुटीत आईवडिलांबरोबर तहसील कार्यालयात जाऊन मार्गी लावा. निकालानंतर तेथे रांग असते.

क्लास लावावा की नाही ?

आठवी-नववीपासून ‘फाउंडेशन’ आणि अकरावीला हजेरी न घेणारे महाविद्यालय, असे गठ्ठे हल्ली विकले जातात. ते घेण्याआधी पालकांनी एक साधी गोष्ट पाहावी : मूल स्वतः एकटे बसून दिवसात किती वेळ गणिते सोडवते ? तो वेळ शून्य असेल, तर कोणताही क्लास त्याचा गुणाकार करू शकत नाही. शून्याला कशानेही गुणले तरी शून्यच. आणि प्रयोगशाळेत पाऊल न टाकता विज्ञान शिकणे म्हणजे काठावर बसून पोहणे शिकणे होय.

स्वतःची परीक्षा पाहायचीच असेल, तर भौतिकशास्त्र अध्यापकांच्या आयएपीटी या संघटनेची कनिष्ठ विज्ञान परीक्षा नोव्हेंबरमध्ये होते. दहावीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना ती देता येते. पुढचे टप्पे मुंबईतील मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे असतात. निवड झाली नाही तरी हरकत नाही. तिच्या जुन्या प्रश्नपत्रिका मित्रांबरोबर वाद घालत सोडवा. विज्ञान आपल्याला खरोखर आवडते की नुसते घरच्यांना, हे त्यातून कळेल.

शिक्षकबंधुभगिनींना एक विनंती. वर्गात “हे परीक्षेला येणार नाही” असे म्हणण्याऐवजी, आठवड्यातून एक तास उत्तर नसलेल्या प्रश्नासाठी ठेवावा. अकरावीत आमच्या हाती येणारा विद्यार्थी प्रश्न विचारायला घाबरत नसेल, तर निम्मे काम तुम्ही करून पाठवलेले असते.

आणि विद्यार्थिमित्रांनो, पुढच्या वेळी पाहुण्यांनी विचारले, तर एकदम मुक्कामाचे नाव सांगितलेच पाहिजे असे नाही. “काय आवडतं ते शोधतोय, आणि तोवर पाया पक्का करतोय,” असे सांगायला हरकत नाही. मात्र ते खरे असले पाहिजे !