चौकटीचे पाय कुठे टेकतात

वाशीम, रिसोड, मंगरूळपीर या पट्ट्यात दहा-पंधरा पावसाळे झेललेल्या घराच्या पुढच्या दाराशी वाकून चौकटीचा खालचा वीतभर भाग अंगठ्याने दाबून पाहावा. वर लाकूड खणखणीत असतं आणि तळाशी अनेकदा भुगा झालेला असतो; रंगाचा पापुद्रा तेवढा शाबूत राहतो. मालक लाकडाला बोल लावतो, सुतार पावसाला, आणि दोघेही वाळवीला. माझ्या मते खरा दोष चौकट जिथे टेकवली त्या जागेचा आहे.

जोत्यावर ओल अडवणारा थर, म्हणजे गवंड्यांच्या भाषेत डीपीसी, हा साधारण दीड इंच जाडीचा १:२:४ काँक्रीटचा असतो. त्यात वॉटरप्रूफिंगची पावडर मिसळतात आणि वर गरम डांबर फिरवतात. भिंतीखाली तो सलग जातो, दारापाशी मात्र थांबतो. तो दारातून आडवा नेऊ नये, असं केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या तपशिलांतही आहे. नेमक्या त्या खंडात मिस्त्री चौकट उभी करतो. ओळंबा धरतो, दोन्ही बाजूंनी टेकू देतो, आणि पाय फरशीच्या पातळीखाली दीड-दोन इंच जातील असे सोडतो. मग त्यांच्याभोवती काँक्रीट भरलं जातं. लाकूड आडवं जेवढं पाणी पितं त्याहून कितीतरी वेगाने कापलेल्या टोकाकडून, रेषांच्या दिशेने पितं. आणि तेच उघडं टोक आपण ओल्या भरावावर ठेवतो. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या वर टिकली की बुरशीला दुसरं काही लागत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो पावसाचा. आपल्याकडे वर्षाला आठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, हे काही कोकण नव्हे. पण कोकणात पाणी वरून मारतं, इथे ते खालून चढतं. काळ्या जमिनीची बारीक छिद्रं पाणी धरून ठेवतात आणि वर ओढतात. पाऊस ओसरला तरी भिंतीला लोणा लागलेला दिसतो तो त्यामुळेच. जोत्यात मुरूम भरला तर हे ओढणं कमी होतं, पण काटकसरीत पायाच्या खोदाईची काळी मातीच पुन्हा भरली जाते. त्यात गल्लीतला सिमेंट रस्ता दर कामाला चार बोटं वर येतो. जमिनीपासून निदान अर्धा फूट वर हवा असलेला डीपीसी मग रस्त्याच्या बरोबरीला येतो, आणि गाडलेल्या पायांना बाहेरूनही पाणी भिडतं.

मिस्त्री लोकांचा आक्षेप जास्त वजनदार आहे: पाय गाडले नाहीत तर चौकट हलेल. त्यांची भीती खरी आहे, पण चौकट धरून ठेवणं हे भिंतीत रोवलेल्या होल्डफास्टचं, म्हणजे लोखंडी पट्ट्यांचं काम आहे, बाजूला तीन-तीन. तळाला पकड हवीच असेल तर पायात बारीक गज ठोकून तो खाली काँक्रीटमध्ये सोडावा. लाकूड वरच राहील, पकड खाली जाईल. त्याआधी दाराच्या जागी डांबरी पट्टा टाकून तो दोन्हीकडच्या डीपीसीला जोडावा, वर काळ्या दगडाची पट्टी बाहेर किंचित उतार देऊन बसवावी, आणि चौकट तिच्यावर टेकवावी. जुन्या घरांत दगडी जोत्यावर बसणारा उंबरा पायांसाठी हेच काम करत होता. तो स्वतः कुजायचा, पण बदलता यायचा.

घरकुलवाल्याला हे परवडेल का, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागात मिळणारे १ लाख २० हजार रुपये भिंती आणि छतालाच पुरत नाहीत, म्हणून लाकूड टाळून लोखंडी चौकट घेतली जाते. पण तीही गंजते ती तळाशी, त्याच गाडलेल्या दोन इंचांत. दगडाची पट्टी आणि डांबरी पट्ट्याचा तुकडा यांचा खर्च एका नव्या चौकटीपेक्षा पुष्कळ कमी आहे, आणि तो त्या टप्प्यावर करायचा असतो जेव्हा गवंडी तिथेच हजर असतो.

आधीच कुजलेल्या चौकटीलाही हाच उपाय चालतो. खराब भाग कापून चांगलं लाकूड लागेपर्यंत वर जावं, सागाचा गाभ्याचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडावा, आणि खाली उरलेल्या जागेत पुन्हा लाकूड न घालता दगड बसवावा.