वारा पडलेली पहाट

डिसेंबर-जानेवारीत पुण्याची वर्तमानपत्रे एक लहानशी चौकट छापतात. तिच्यात एकाच शहराची, एकाच पहाटेची चार-पाच तापमाने असतात. पाषाण, एनडीए, शिवाजीनगर यांचे आकडे खाली असतात, तर मगरपट्टा आणि वडगाव शेरीचे त्यांच्यापेक्षा बहुधा चार-पाच अंशांनी वर. सातवीच्या वर्गात आम्ही ही चौकट वाचून दाखवली, तेव्हा मुलांनी कारण विचारले. आम्ही चटकन उत्तर देऊन टाकले : "तिकडे सिमेंट जास्त आणि इकडे झाडे जास्त."

उत्तर चूक नव्हते, पण अर्धवट होते. एका मुलीने ते फार वेळ टिकू दिले नाही. ती म्हणाली, "सर, आमच्या घरामागच्या टेकडीवरही झाडंच आहेत. पण आमचे आजोबा रोज पहाटे टेकडी चढतात आणि म्हणतात, वर गेलं की ऊब वाटते."

चढल्यामुळे अंग तापते, म्हणून तसे वाटत असेल, असे आम्ही सांगितले. उंचावर गेले की तापमान कमी होते, हे तर आपणच मुलांना शिकवतो. दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंश! त्या हिशेबाने शहरापासून दोन-अडीचशे मीटर उंच असलेल्या वेताळ टेकडीचा माथा पायथ्यापेक्षा दीड अंशाने थंड हवा. पण आजोबांवर अविश्वास दाखवण्याआधी मोजून पाहणे बरे, म्हणून प्रयोगशाळेतले दोन तापमापक घेतले. दोन्ही एकाच भांड्यातल्या पाण्यात बुडवून सारखेच अंक दाखवतात ना, याची खात्री करून घेतली. (ही पायरी मुले हमखास गाळतात आणि मग निष्कर्षावर भांडत बसतात.) जानेवारीतल्या एका निरभ्र पहाटे सव्वासहा वाजता एक गट टेकडीखालच्या ओढ्याकाठी उभा राहिला, दुसरा माथ्यावर. तापमापक जमिनीपासून छातीइतक्या उंचीवर काठीला टांगले होते. माथ्यावरचा पारा ओढ्याकाठच्या पाऱ्यापेक्षा तीन अंशांहून जास्त वर होता. आजोबा बरोबर होते.

हे उलटे गणित कसे घडते ते आता पाहू.

सूर्य मावळला की जमिनीला उष्णता मिळणे थांबते, पण जमिनीकडून उष्णता जाणे थांबत नाही. ती अवरक्त किरणांच्या रूपाने आकाशाकडे उष्णता फेकत राहते. आकाशात ढग असतील किंवा हवेत बाष्प भरपूर असेल, तर यातली बरीच उष्णता परत मिळते. हिवाळ्यात पुण्याची हवा कोरडी आणि आकाश स्वच्छ असते, त्यामुळे जमीन झपाट्याने निवते. तिला चिकटून असलेली हवाही निवते. हवा उष्णतेची वाईट वाहक असल्याने त्यावरच्या थरापर्यंत हा गारवा सहज पोचत नाही. म्हणून खाली थंड थर आणि वर त्यापेक्षा उबदार थर, अशी रचना तयार होते. भूगोलाच्या पुस्तकात हिला तापमानाची विपरीतता म्हटलेले असते. पुस्तकात ती एखाद्या ओळीत आटोपते, म्हणून आपल्यालाही ती दूरदेशीची गोष्ट वाटते.

थंड हवा जड असते. टेकडीच्या उतारावर निवलेली हवा पाण्यासारखी घरंगळत खाली येते, ओढ्यानाल्यांची वाट धरते आणि जेथे सखल भाग मिळेल तेथे साचते. पाषाणचा परिसर टेकड्यांच्या कुशीत आहे. शिवाजीनगरही नदीच्या खोऱ्यात आहे. १९२८ साली हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आले ते येथेच, आणि म्हणून जुने पुणेकर त्या इमारतीला अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात. पूर्वेकडे जमीन मोकळी आणि सपाट आहे, आणि आता तेथे दिवसभर उष्णता साठवून रात्री हळूहळू सोडणाऱ्या इमारतींची दाटी आहे. म्हणजे सिमेंटचे आमचे उत्तर तेथे खरे ठरते. मात्र पाषाणच्या थंडीचे श्रेय झाडांपेक्षा उताराला जास्त आहे. निफाडच्या द्राक्षबागायतदाराला हे समजावून सांगावे लागत नाही. कडाक्याच्या रात्री बागेत शेकोट्या करून धूर करायला तो उठतो, कारण सखल तुकड्यात थंडी आधी बसते हे त्याला ठाऊक असते.

या सगळ्या घडामोडीला एक अट आहे : वारा पडलेला हवा. ताशी दहा-पंधरा किलोमीटर वेगाचा वारा रात्रभर वाहत राहिला, तर तो खालची थंड आणि वरची उबदार हवा ढवळून टाकतो. मग पारा फारसा घसरत नाही आणि आकड्यांमधला फरकही पुसट होतो. पण अशा रात्री आपल्याला मात्र जास्त थंडी वाजते! तापमापकाला वाऱ्याने थंडी वाजत नाही, माणसाला वाजते. मुलांना हे कोडे घालून पाहावे.

उत्तर आपल्या कातडीजवळ आहे. शरीराभोवती त्याने स्वतःच तापवलेल्या हवेचा एक पातळ थर असतो. स्थिर हवेत तो जागच्या जागी राहतो आणि फुकटच्या पांघरुणासारखा उपयोगी पडतो. वारा हे पांघरूण सतत ओढून नेतो, आणि शरीराला नवे तापवत बसावे लागते. तापमापकाला तापवायचे काहीच नसते, तो आधीच हवेइतका थंड झालेला असतो. १९४१ साली अंटार्क्टिकावर पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या दोघांनी प्लॅस्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते वाऱ्यात टांगले आणि गोठायला किती वेळ लागतो ते मोजले. वाऱ्यामुळे थंडी किती वाढते याचा हिशेब तेथून सुरू झाला. २००१ साली अमेरिका आणि कॅनडा यांनी तो नव्याने मांडला. त्या सूत्रात पुण्यातली आकडेमोड करून पाहिली : हवेचे तापमान १० अंश असताना ताशी ४० किलोमीटर वेगाने स्कूटर चालवणाऱ्याच्या उघड्या चेहऱ्याला ५ ते ६ अंशांची थंडी वाजते. पहाटेच्या शाळेला वडिलांच्या पुढ्यात उभे राहून येणारे मूल वाऱ्याच्या पहिल्या रांगेत असते, हे फाटकापाशी उभ्या असलेल्या शिक्षकाने ध्यानात ठेवावे.

येथवर वारा खलनायक वाटेल. त्याची दुसरी बाजू पाहायची असेल तर पुन्हा त्याच टेकडीवर जाऊ. सूर्योदयाच्या सुमारास खाली पाहिले की शहरावर करड्या रंगाची एक चादर पसरलेली दिसते. एखाद्या धुराड्याचा धूर थोडा सरळ वर जातो आणि एका उंचीवर अडल्यासारखा आडवा होतो. तेथे विपरीततेचे झाकण असते. वर जाणाऱ्या धुराला आपल्याहून उबदार, म्हणजे हलकी हवा भेटली की त्याचे चढणे संपते. दुपारी ऊन लागल्यावर हवा किलोमीटर-दीड किलोमीटर उंचीपर्यंत घुसळली जाते, पण पहाटे तेच काम शे-दोनशे मीटरच्या, कधी त्याहूनही पातळ थरात उरकावे लागते. वाहनांचा धूर, कोपऱ्यावर पेटवलेला कचरा, रखवालदारांच्या शेकोट्या, हे सारे त्या बुटक्या खोलीत कोंडते. वर्गात हे दाखवायला काचेचे उंच भांडे पुरते. रंगीत थंड पाण्यावर कोमट पाणी चमच्याच्या पाठीवरून हलकेच सोडावे. रंग वर चढत नाही. मग चमच्याने ढवळावे. तो चमचा म्हणजे वारा.

या झाकणाचा सर्वांत भयंकर पुरावा लंडनचा आहे. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत तेथे वारा पडला, विपरीतता बसली आणि थंडीमुळे घरोघरी कोळसा जास्तच जाळला गेला. धुके इतके दाट झाले की नाट्यगृहात शिरून त्याने चालू प्रयोग बंद पाडला. नेहमीपेक्षा सुमारे ४००० माणसे जास्त मेली, असा तेव्हाचा हिशेब होता. पुढील काळातल्या अभ्यासकांनी हा आकडा १२००० पर्यंत नेला. १९५६ साली ब्रिटनने स्वच्छ हवेचा कायदा केला. लंडनच्या माणसांना थंडीने थेट मारले नव्हते. थंडीवर त्यांनी केलेला उपाय आणि वाऱ्याची गैरहजेरी यांनी मिळून मारले होते.

थंडी स्वतःही काही करत नाही असे मात्र नव्हे. गारठ्यात कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे आतली ऊब आत राहते. याची किंमत म्हणून रक्तदाब वाढतो आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिका थंड, कोरड्या हवेने आवळतात. १३ देशांतल्या ३८४ ठिकाणच्या ७ कोटी ४० लाख मृत्यूंचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात ७.२९ टक्के मृत्यूंचा संबंध थंडीशी आणि ०.४२ टक्क्यांचा उष्म्याशी जोडता आला. त्या १३ देशांत भारत नव्हता, पण २०१८ साली भारतातल्या नोंदींवर झालेल्या अभ्यासातही एक गोष्ट तशीच दिसली : कडाक्याच्या, बातमी होणाऱ्या थंडीपेक्षा साध्या, रोजच्या थंडीच्या वाट्याला कितीतरी जास्त मृत्यू येतात. कारण असे दिवस जास्त असतात आणि त्या दिवसांत कोणी जपत नाही.

एकाच शहरात हा मार सर्वांना सारखा बसत नाही. पेठांच्या अरुंद बोळात दोन्ही बाजूंच्या भिंतींमुळे आकाशाची फक्त एक पट्टी दिसते, त्यामुळे उष्णता सावकाश निसटते. आडवा वारा छपरांवरून निघून जातो, खाली उतरत नाही. तेथे ऊब राहते आणि धूरही राहतो. उंच इमारतीचे उलटे असते. तिच्यावर आदळलेला वरचा वेगवान वारा भिंतीवरून खाली घसरतो आणि कोपऱ्यातून किंवा पार्किंगच्या मोकळ्या तळमजल्यातून जोराने निघतो. नेमकी तेथेच शाळेच्या बसची वाट पाहणारी मुले उभी असतात.

आणि नाल्याकाठची वस्ती! शहरात राहायला स्वस्त जागा सखल भागातच मिळते, पावसाळ्यात पुराची आणि हिवाळ्यात साचलेल्या थंडीची. घरावर पत्रा असतो. पत्रा रात्री आकाशाला उष्णता देऊन हवेपेक्षाही थंड होतो, आणि झोपलेल्या माणसांच्या श्वासातले बाष्प त्यावर आतून जमून पहाटे पांघरुणावर ठिबकते. आमच्या वर्गातल्या एका मुलाने 'पहाटे घरात पाऊस पडतो' असे निबंधात लिहिले होते आणि आम्ही त्याला अतिशयोक्ती अलंकार म्हणून दाद दिली होती. हे आठवले की ओशाळायला होते.

अशा घरात शेगडी आत घेण्याचा मोह होतो, तेव्हा एक गोष्ट मुलांना स्पष्ट सांगायलाच हवी. कोळसा धुमसतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, त्याने डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके जड होते, झोप येते आणि माणूस उठत नाही. दार-खिडकी बंद करून शेगडी पेटती ठेवणे आणि बंद न्हाणीघरात गॅसचा गीझर चालू ठेवणे, या दोन्हींत धोका एकच आहे. खिडकीची बोटभर फट थंडी आत आणते, पण ती बुजवायची नाही.

सकाळच्या शाळेचा प्रश्न यातून उभा राहतो. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आत भरवू नयेत असे सांगितले, ते मुख्यतः मुलांच्या झोपेचा विचार करून. हवेच्या बाजूनेही नऊची वेळ बरी पडते. ऊन वर आले की जमीन तापते, झाकण खालून विरू लागते आणि चादर हळूहळू उचलली जाते. वरच्या वर्गांचे हिवाळ्यातले कवायतीचे तास आम्ही सातवरून मधल्या सुट्टीआधी नेले. वेळापत्रकाची ओढाताण झाली, पण दम्याचा पंप दप्तरात ठेवणाऱ्या दोन मुलांना आता पळता येते.

आजोबांनाही निरोप पाठवला होता : टेकडी सोडू नका, पण आठनंतर निघा आणि कान झाका, कारण वर हवा स्वच्छ असली तरी तिथवर जायला धुराची चादर ओलांडावी लागते. कानटोपी त्यांनी मान्य केली. वेळेबाबत अजून बोलणी चालू आहेत.

त्यांच्या नातीने मध्यंतरी नवा प्रश्न आणला. टेकडीच्या उतारावर एका सोसायटीने लांबलचक कुंपणभिंत बांधली आहे. थंड हवा जर पाण्यासारखी वाहते, तर धरणासारखी ती भिंतीला अडते का? या जानेवारीत निरभ्र, वारा पडलेली पहाट पाहून भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकेक तापमापक टांगायचा आहे. पाण्यात बुडवून दोन्ही तपासण्याचे काम तिच्याकडेच दिले आहे.